मेलेली माणसं आत्ता कुठे आहेत?

ऑगस्ट १५३४. अँटवर्पमधल्या एका छापखान्यात तुम्ही उभे आहात आणि तुमच्या हातात ओला ताव आहे. छापण्याआधी कागद भिजवून, दाबून ठेवतात; त्याशिवाय तो शाई नीट धरत नाही. छापून झाला की वर दोऱ्यांवर वाळत टाकायचा. सकाळपासून तुम्ही तेच करताय. जवसाचं तेल आणि काजळी यांच्या शाईचा वास नाकात बसलाय, आणि त्याच्याखाली दुसरा, उग्र वास आहे. शाई थापायचे कातडी गोळे कडक होऊ नयेत म्हणून रात्री मुतात भिजत टाकतात, त्याचा तो वास. यंत्रावर दोन गडी आहेत. एक फर्म्यावर गोळे थापतो, दुसरा दांडा ओढतो, आणि दर ओढीला लाकडी सांगाडा करकरतो.

खिडकीशी खिळे जुळवणारा बसलाय. मजकूर इंग्रजी, माणूस डच. समोरच्या पानावरचं अक्षर बघायचं, खणातून खिळा उचलायचा, ओळीत बसवायचा. शब्द काय झाला हे त्याला ठाऊक नसतं. पुस्तक आहे इंग्रजी नवा करार. विल्यम टिंडेलने तो मूळ ग्रीकवरून केला आणि १५२६ साली वर्म्समध्ये तो प्रथम पूर्ण छापून निघाला. इंग्लंडमध्ये त्यावर बंदी आहे, लंडनच्या बिशपने त्याच्या प्रती जाळल्या आहेत, आणि तरी तिथे तो हवा आहे. अँटवर्पच्या छापखानेवाल्यांनी टिंडेलला न विचारता तो पुन्हा पुन्हा छापला. इंग्रजी न येणाऱ्या हातांतून जाताना दर आवृत्तीत जुन्या चुकांवर नव्या चुका चढत गेल्या.

छापखान्याची मालकीण एक विधवा आहे. तिचा नवरा क्रिस्टोफेल ही पुस्तकं विकायला इंग्लंडला गेला, पकडला गेला आणि वेस्टमिन्स्टरच्या तुरुंगात मेला. त्यानंतर छापखाना तिने चालवला, आणि तेच पुस्तक छापायचं तिने थांबवलं नाही. आपल्याकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी केलेलं बायबल बायकांनी छापून काढलं, त्याला अजून जवळजवळ चारशे वर्षं आहेत. नवऱ्याचा जीव घेणारं पुस्तक पुन्हा फर्म्यावर चढवणाऱ्या या बाईबद्दल इतिहासात चार ओळींपलीकडे काही सापडत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

टेबलापाशी प्रुफं तपासतोय तो जॉर्ज जॉय. केंब्रिजच्या पीटरहाउसचा फेलो होता. पाखंडाचा आरोप आला तेव्हा १५२७ साली देश सोडून पळाला. पाद्री असून त्याने लग्न केलंय, म्हणजे परतीचा रस्ता आणखीच अवघड. इंग्रजीत छापलेली पहिली स्तोत्रसंहिता त्याचीच, १५३० सालची. या कामाला तो आधी नाही म्हणत होता. टिंडेल स्वतःच आपली सुधारलेली आवृत्ती काढणार आहे, असं त्याने छापखानेवाल्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, त्याने दोन हजार काढल्या आणि आम्ही दोन हजार काढल्या तरी अख्ख्या इंग्लंडला त्या कितीशा पुरणार? आणि आम्ही स्वस्तात देऊ. जॉयला वाटलं, नाहीतरी हे छापणारच आहेत, मग निदान चुका तरी काढून छापू देत. सगळ्या कामाचे मिळून त्याला फ्लेमिश चौदा शिलिंग मिळाले, असं त्यानेच पुढे लिहून ठेवलंय.

तो तपासलेलं प्रूफ तुमच्या हातात देतो. जुळाऱ्याकडे न्यायचं. नेता नेता बघून घ्या. मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय २२. सदूकी येशूला कोड्यात पकडायला बघताहेत: एकीने एकामागून एक सात भावांशी लग्न केलं, मग पुनरुत्थानाच्या वेळी ती कोणाची बायको? तिथला ‘पुनरुत्थान’ हा शब्द जॉयने काढलाय आणि त्याजागी लिहिलंय ‘या जीवनानंतरचं जीवन’. ही खिळ्यांची चूक नव्हे. आणि ती एकाच ठिकाणी नाही. सगळ्या पुस्तकात वीसेक जागी हाच बदल आहे.

पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे, हे लक्षात असू द्या. जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेली माणसं त्याच आपल्या देहानिशी उठतील, ही ती श्रद्धा. प्रश्न मधल्या काळाचा आहे. आज मेलेला माणूस त्या दिवसापर्यंत कुठे असतो? जॉयचं म्हणणं असं की आत्मा लगेच देवापाशी जातो, तिथे तो जिवंत असतो, आणि मत्तयातला येशू त्याच जीवनाबद्दल बोलतोय. त्याचा मुद्दा कच्चा नाही. येशू सदूकींना उत्तर देतो ते असं: देव अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव आहे, आणि तो जिवंतांचा देव आहे, मेलेल्यांचा नाही. जॉय विचारतो, यावरून अब्राहाम आत्ता जिवंत आहे हेच सिद्ध होतं ना? मग इथे देहाच्या उठण्याचा शब्द कशाला? जिथे देहाच्या उठण्याचीच गोष्ट स्पष्ट आहे तिथे त्याने शब्दाला हात लावलेला नाही.

या प्रश्नावर त्या काळात केवढे पैसे आणि केवढे अश्रू खर्च झालेत ते समजायचं, तर समुद्र ओलांडून इंग्लंडच्या कुठल्याही गावच्या चर्चमध्ये डोकवा. मेलेल्या आईबापांसाठी पैसे मोजून मिस्सा म्हणवल्या जाताहेत. आत्मा शुद्धिस्थानात भाजला जातोय आणि इथल्या प्रार्थनांनी त्याचा तिथला काळ कमी होतो, असं शिकवलेलं आहे. मृत्युपत्रांत लोक शेत लिहून ठेवतात, मेणबत्त्या लिहून ठेवतात. १५२९ मध्ये थॉमस मोरने एक पुस्तक लिहिलं, त्यात शुद्धिस्थानातले आत्मेच जिवंतांकडे याचना करतात. सुधारकांनी शुद्धिस्थान नाकारलं, तेव्हा नुसता पाद्र्यांचा धंदा बुडाला नाही. ज्यांची माणसं गेली होती त्यांच्या हातून शेवटचं करण्यासारखं कामही गेलं. मग माझी आई कुठे आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

आणि ते एकमुखाने सांगता येत नव्हतं. मार्टिन ल्युथर मरणाला झोप म्हणत असे. याच १५३४ साली ओर्लेआंमध्ये पंचवीस वर्षांचा जॉन कॅल्व्हिन आत्मा झोपतो म्हणणाऱ्यांविरुद्ध आपलं पुस्तक लिहितोय. ते छापून यायला १५४२ उजाडणार आहे. रोमलाही हा प्रश्न जुनाच होता. बरोब्बर दोनशे वर्षांपूर्वी, १३३४ मध्ये, पोप बाविसावा जॉन मरणशय्येवर आपलं मत मागे घेत होता. संतांनासुद्धा न्यायाच्या दिवसापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन होत नाही, असं त्याने प्रवचनांत सांगितलं होतं.

आता जरा मागे चला. अँटवर्पच्या तटाबाहेर शेतं आहेत, तिथे दोन इंग्रज चालत चाललेत. तुम्ही दहा पावलं मागे राहा. एक जॉय, दुसरा टिंडेल. टिंडेल आठवड्यातले बहुतेक दिवस पुस्तकांत असतो. सोमवार आणि शनिवार त्याने स्वतःसाठी ठेवलेत, आणि ते दिवसही तो परागंदा इंग्रजांना भेटण्यात आणि शहरातल्या कानाकोपऱ्यांतली गरीब माणसं शोधून त्यांना मदत करण्यात घालवतो. जॉय त्याला मत्तयातला तो उतारा समजावतोय, एकेक कारण पुढे करतोय. टिंडेल ऐकून घेतो. मग अंगठा आणि बोट जुळवून हवेत एक टिचकी मारतो. कारण उडालं. जॉय दुसरं मांडतो, पुन्हा टिचकी. ही टिचकी जॉयला किती लागली ते यावरून कळतं की पुढे छापील पुस्तकात त्याने तिची नोंद केली.

टिंडेलचं स्वतःचं मत काय होतं? १५३१ मध्ये मोरला उत्तर देताना त्याने ते मांडलं होतं. आत्मे आधीच स्वर्गात किंवा नरकात पोचले असतील, तर येशू आणि पौल पुनरुत्थान सिद्ध करायला एवढा खटाटोप का करतात? मेलेले देवदूतांइतकेच सुखात असतील, तर शेवटच्या दिवशी उठायचं कशासाठी? त्याच्या लेखी सगळी आशा त्या एका सकाळीवर टांगलेली होती. मधल्या काळाबद्दल शास्त्र जेवढं सांगतं त्याच्यापुढे तो एक पाऊल टाकत नव्हता.

दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस आहे, तो दिसत नाही. जॉन फ्रिथ. टिंडेलचा जवळचा मित्र आणि सहकारी, वयाने बराच लहान. शुद्धिस्थानाविरुद्ध त्याने पुस्तक लिहिलं, १५३२ मध्ये इंग्लंडला गेला, पकडला गेला. चौकशीत त्याला शुद्धिस्थान मानतोस का, प्रभुभोजनाच्या भाकरीचा खरोखर ख्रिस्तदेह होतो हे मानतोस का, असं विचारलं गेलं. त्याने सांगितलं की या दोन्ही गोष्टी मानल्याच पाहिजेत अशा नाहीत, त्या श्रद्धेचं कलम नव्हेत. ४ जुलै १५३३ ला लंडनच्या स्मिथफील्डमध्ये त्याला जाळलं. सोबत एक तरुण शिंपी उमेदवार होता, अँड्र्यू ह्युएट. वाऱ्याने ज्वाळा ह्युएटच्या बाजूला वळल्या आणि फ्रिथला मरायला जास्त वेळ लागला. दोघांची पाठ एकाच खुंटाला बांधलेली होती.

फ्रिथ आत्ता कुठे आहे? जॉयच्या उत्तरात तो देवापाशी जिवंत आहे. टिंडेलच्या उत्तरात तो विश्रांती घेतोय, देवाच्या हातात आहे, आणि एक दिवस त्याच्या जळलेल्या देहासकट उठेल. या वादाला ‘धर्मपंडितांची कीसकाढणी’ म्हणणारी पुस्तकं मी वाचली आहेत आणि ती मला पटलेली नाहीत. ज्यांची माणसं राख झाली होती तेच हा वाद घालत होते, आणि उद्या आपली पाळी येऊ शकते हे त्यांना माहीत होतं.

नोव्हेंबरकडे या. स्थळ तेच शहर, छापखाना मेर्टन दे केझरचा. टिंडेलची सुधारलेली आवृत्ती छापून होत आलीय. अनेक वर्षांचं काम आहे: ग्रीकशी पुन्हा ताडून पाहिलेलं वाक्य न् वाक्य, समासांत टिपा, बहुतेक पुस्तकांना प्रस्तावना. आणि या वेळी मुखपृष्ठावर त्याचं नाव आहे. १५२६ च्या आवृत्तीवर ते नव्हतं. अशा वेळी कोणीतरी त्याला विधवेच्या छापखान्यातली प्रत आणून दिली आणि बदललेल्या जागा दाखवल्या. आणणारा कोण, ते टिंडेलने लिहिलेलं नाही. आज ते काम तुमच्याकडे आलंय.

इंग्लिश हाउसमध्ये जा. इंग्रज व्यापाऱ्यांचं हे घर. शहराने व्यापाऱ्यांना दिलेल्या सवलतींमुळे इथे राहणाऱ्याला सहजी अटक होत नाही. टॉमस पॉइंट्झ नावाच्या व्यापाऱ्याने टिंडेलला इथे ठेवून घेतलंय. पुस्तक छोटं आहे, मुठीत मावणारं, मालाच्या गठ्ठ्यात लपवून न्यायला सोयीचं. त्याच्यासमोर ठेवा. तो शेवटचं पान उघडतो. लक्षपूर्वक तपासून दुरुस्त केलेलं, असं तिथे छापलंय. छापणारीने आपली ओळख दिलीय, क्रिस्टोफेलची विधवा म्हणून. दुरुस्त करणाऱ्याचं नाव मात्र नाही. तुम्ही मत्तय २२ दाखवता, मग पुढच्या जागा. तो थक्क होतो. ज्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये असं त्याला वाटतं ते सगळं आता त्याच्याच भाषांतराच्या पोटात बसलंय, आणि लोक ते टिंडेलचं म्हणून वाचणार आहेत.

त्या रागात त्याने नव्या आवृत्तीला दुसरी प्रस्तावना जोडली. तिचा सूर कडवट आहे. जॉयचं नाव घेऊन, त्याला मान मिळवायची हाव आहे असं सुचवत, तो त्याला झोडपतो. ते अन्यायाचं होतं असं मला वाटतं. चौदा शिलिंगांसाठी कोणी मानाची हाव धरत नाही. आणि इंग्रज वाचक चुकांनी भरलेल्या प्रती वाचत असताना टिंडेलने सुधारणेला वर्षानुवर्षं घेतली, हेही खरंच आहे.

पण मुद्द्यावर टिंडेल बरोबर होता, आणि तो मुद्दा मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचं म्हणणं एवढंच: तुला वेगळं वाटत असेल तर स्वतः भाषांतर कर आणि त्यावर आपलं नाव घाल. किंवा मजकूर आहे तसा ठेव आणि तुझा अर्थ समासात लिही. माझ्या मजकुरात तुझं मत मिसळू नकोस. प्रत्येकाने आपापल्या मताप्रमाणे शब्द बदलायचे ठरवले तर उद्या शास्त्र म्हणून उरेल काय? आणि त्याच प्रस्तावनेत तो स्वतःच्या मतालाही हाच नियम लावतो. मेलेले संत आजच ख्रिस्ताच्या पूर्ण वैभवात आहेत असं मला पटलेलं नाही, असं तो उघड सांगतो, आणि हे माझ्या श्रद्धेचं कलम नव्हे, असंही लगेच जोडतो. नांगर धरणाऱ्या पोराच्या हातात तो देवाचा शब्द द्यायला निघाला होता. त्या पोराला टिंडेलचं मत मानायची सक्ती नको आणि जॉयचंही नको. मजकूर शुद्ध मिळाला तर त्याचं तो ठरवील. फ्रिथ ज्या शब्दांवर मेला होता, ‘श्रद्धेचं कलम नव्हे’, तेच शब्द टिंडेल स्वतःच्या आवडत्या मताबद्दल वापरतो.

हिवाळ्यात मध्यस्थ येऊन गेले. जॉयच्या म्हणण्याप्रमाणे दोघांनी समेटाचा मजकूर मिळून काढायचं ठरलं होतं आणि टिंडेल मागे फिरला. टिंडेलची बाजू आपल्याकडे नाही. जानेवारीत जॉयने आपली आवृत्ती पुन्हा काढली, आणि २७ फेब्रुवारी १५३५ या तारखेने त्याचं बचावाचं छोटं पुस्तक आलं. शेतातली टिचकी, छापखान्यातला करार, चौदा शिलिंग, सगळं त्यातलंच. लिहिताना त्याचा हात थरथरत असावा, वाक्यं इतकी दुखावलेली आहेत.

२१ मे १५३५. हेन्री फिलिप्स नावाचा एक तरुण इंग्रज काही आठवडे टिंडेलच्या मागेपुढे करतोय. बापाचे पैसे उधळून आलेला, गोड बोलणारा. पॉइंट्झला त्याचा संशय आला होता. टिंडेलला आला नाही. आज सकाळी फिलिप्सने त्याच्याकडून चाळीस शिलिंग उसने घेतलेत. दोघं जेवायला म्हणून बाहेर पडताहेत. इंग्लिश हाउसमधून निघायची वाट अरुंद आहे, दोघं शेजारी चालू शकत नाहीत. फिलिप्स आग्रहाने टिंडेलला पुढे करतो. तो उंच, टिंडेल बुटका. मागून डोक्यावरून बोट खाली करून तो दाराशी बसलेल्या शिपायांना खूण करतो. तुम्ही काही करू शकत नाही. शिपायांनी नंतर पॉइंट्झला सांगितलं की पकडताना त्याचा साधेपणा बघून आम्हालाच कीव आली.

पकडायच्या यादीत आणखी दोन नावं होती, रॉबर्ट बार्न्स हा दुसरा एक इंग्रज सुधारक आणि जॉर्ज जॉय. जॉय निसटून इंग्लंडला पोचला. पण अँटवर्पच्या व्यापाऱ्यांत बोलणं सुरू झालं होतं: जॉयनेच दाखवून दिलं. भांडण छापील होतं, सगळ्यांनी वाचलं होतं; संशयाला तेवढं पुरलं. त्याच जुलैत एका इंग्रजाने आर्चबिशप क्रॅन्मरला कळवलं की मी फिलिप्सशी बोललो, त्याची जॉयशी ओळखसुद्धा नव्हती, आणि त्या माणसावर नाहक आळ आलाय. पत्र क्रॅन्मरला गेलं, व्यापाऱ्यांना नाही.

टिंडेल ब्रुसेल्सच्या उत्तरेला फिल्फोर्डच्या किल्ल्यात वर्षभराहून जास्त होता. तिथून लॅटिनमध्ये लिहिलेलं त्याचं एक पत्र टिकून आहे. थंडीत घालायला टोपी, गरम कोट, संध्याकाळी दिवा. आणि या सगळ्यापेक्षा जास्त आग्रहाने हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण, हिब्रू कोश. जुन्या कराराचं काम अर्धं राहिलं होतं. ऑक्टोबर १५३६ मध्ये त्याला खांबाला बांधून आधी गळा आवळला आणि मग जाळलं.

पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एक जाडजूड इंग्रजी बायबल विकायला आहे, आठव्या हेन्रीच्या परवानगीने. तुम्ही ते उघडता. भाषांतरकाराचं नाव थॉमस मॅथ्यू. असा कोणी भाषांतरकार नाही. टिंडेलचा अँटवर्पमधला सोबती जॉन रॉजर्स याने मित्राचं काम, त्याला मायल्स कव्हरडेलचं जोडून, या नावाखाली छापवून आणलंय. जुन्या कराराच्या शेवटी, मलाखीनंतर, वेलबुट्टीची दोन मोठी अक्षरं आहेत: डब्ल्यू आणि टी. पुढे मत्तय २२ काढा. तिथे ‘पुनरुत्थान’ आहे.

आणखी एक थांबा, १५५३. जॉय याच वर्षी वारला. राजा सहावा एडवर्ड याच्या नावाने चर्च ऑफ इंग्लंडची बेचाळीस कलमं जाहीर झाली. त्यांतलं चाळिसावं सांगतं की मेलेल्यांचे आत्मे देहाबरोबर मरत नाहीत आणि न्यायाच्या दिवसापर्यंत झोपूनही राहत नाहीत. उलट म्हणणारे शास्त्राच्या विरुद्ध आहेत. दहा वर्षांनी, १५६३ मध्ये, एलिझाबेथच्या बिशपांनी कलमं पुन्हा तपासली. त्या यादीत हे कलम ठेवलं गेलं नाही.